मद्यमुक्ती गटांच्या सभांचे पत्ते दर आठवड्याला छापावेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत 'आजचे कार्यक्रम' हे सदर रोज प्रसिद्ध होते. व्याख्याने, कीर्तने, रक्तदान शिबिरे, पुस्तक प्रकाशने, वधू-वर मेळावे यांची स्थळे आणि वेळा त्यात नेमाने असतात आणि त्या पाहून आमच्यासारखे वाचक घराबाहेर पडतात. याच सदरात, किंवा त्याच्या शेजारी आठवड्यातून एकदा, दारू सोडू इच्छिणाऱ्या आणि सोडलेल्या माणसांच्या मदतगटांच्या सभा कोठे, कोणत्या वारी आणि किती वाजता भरतात, याची एक चौकट द्यावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान आहे, पण तिची कारणे थोडी सविस्तर मांडावी लागतील, त्यामुळे पत्र लांबले आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आणि माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षे मद्यापासून दूर आहे. हा आजार मी वॉर्डात पाहिला आणि घरातही पाहिला. भावाला रुग्णालयातून घरी सोडले तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे होती, पुढच्या तपासणीची तारीख होती आणि सर्वात खाली 'सपोर्ट ग्रुपला जाणे' अशी एक ओळ होती. तो गट कोणता, कोठे भरतो, तेथे जाऊन कोणाला भेटायचे, यातले काहीही त्या ओळीत नव्हते, आणि विचारल्यावर तेथील कोणालाही सांगता आले नाही. ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांचा हेतू चांगला होता आणि सल्लाही बरोबर होता. फक्त पत्ता नव्हता. अशी ओळ लिहिलेली कार्डे घेऊन आपल्या जिल्ह्यात दर महिन्याला किती माणसे घरी जात असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ही अडचण कदाचित समजणार नाही. तेथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे 'एए' म्हणतात त्या संघटनेच्या सभा शाळांच्या वर्गांत, चर्चच्या सभागृहांत निरनिराळ्या उपनगरांत भरतात, आणि एका ठिकाणी ओळखीचे कोणी भेटेल अशी भीती वाटली तर माणूस लोकल पकडून दुसऱ्या सभेला जाऊ शकतो. तालुक्याच्या गावात औषध दुकानदार हा शेजारी असतो, दवाखान्यातला शिपाई भावकीतला असतो आणि शाळेचे मुख्याध्यापक आपल्या मुलांचे शिक्षक असतात. अशा ठिकाणी 'दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे असते हो?' एवढे विचारणे म्हणजेच जाहीर करणे होते. घरात लग्नाची मुलगी असेल तर आई तो प्रश्न ओठांवर येऊ देत नाही. नवरा पितो हे साऱ्या आळीला ठाऊक असते, रात्रीचा आरडाओरडा भिंतीपलीकडे ऐकू जात असतो. तरीही आपल्याला मदत हवी आहे हे सांगणे त्या माणसाला पिण्यापेक्षा लाजिरवाणे वाटते. पिणारी व्यक्ती स्त्री असेल तर मग बोलायलाच नको. तिच्याविषयी घरातसुद्धा कुजबुजीनेच बोलले जाते, आणि तिला उपचारासाठी नेण्याऐवजी माहेरी पाठवले जाते, असे मी पाहिले आहे.

वृत्तपत्र मात्र कोणालाही काही न विचारता वाचता येते. केशकर्तनालयात, एसटी स्थानकावरच्या बाकड्यावर, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात, कचेरीत वाट पाहत बसलेल्याच्या हातात ते असते, आणि तो कोणती चौकट वाचत आहे याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पत्ता मनात ठेवून तो उठू शकतो. माझ्या विनंतीचा सारा भर या एका गोष्टीवर आहे.

मोबाइलवर हे सारे मिळते, असे काही जण म्हणतील. मीही तेथे शोधले आहे. शोधल्यावर आधी दिसतात त्या बहुतेक खासगी निवासी केंद्रांच्या जाहिराती, कारण जाहिरातीला पैसा त्यांच्याकडे असतो. आठवड्यातून एकदा शाळेच्या वर्गात भरणाऱ्या आणि कोणाकडून शुल्क न घेणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या गटाकडे तो कोठून असणार? जे पत्ते सापडतात त्यांतले काही जुने असतात, काही ठिकाणी सभा बंद पडून बराच काळ लोटलेला असतो, आणि बरीचशी माहिती इंग्रजीत असते. एका केंद्राला मी फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थाने सभेविषयी एक शब्द न बोलता, रुग्णाला उचलून आणण्यासाठी गाडी किती वाजता पाठवू, असे विचारले. चांगली, माणुसकीने चालवलेली निवासी केंद्रे आपल्या राज्यात आहेत, त्यांच्याविषयी पुढे लिहीत आहेच. परंतु घाबरलेल्या कुटुंबाला पहिला आवाज कोणाचा ऐकू यावा, हे जाहिरातीच्या खर्चावर ठरू नये.

मदतगटाची ही कल्पना मुळात कशी रुजली, ते पाहिले तर पत्त्यांच्या यादीचे मोल लक्षात येते. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतल्याच ॲक्रन या गावी गेला होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती. व्यवहार फसला, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूने बारमधली हसण्या-बोलण्याची गजबज ऐकू येत होती. त्याच दालनात गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. त्या यादीतल्या एका धर्मगुरूला त्याने फोन केला आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे, असे सांगितले. त्या फोनमधून पुढे त्याची गाठ गावातल्या एका शल्यचिकित्सकाशी पडली, जो स्वतः दारूपायी व्यवसाय गमावण्याच्या बेतात होता. १० जून १९३५ हा त्या डॉक्टरांनी घेतलेल्या शेवटच्या घोटाचा दिवस मानला जातो, आणि तोच एएचा स्थापना दिवस ठरला. संघटनेच्या रिवाजाप्रमाणे हे दोघे बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब एवढ्याच नावांनी ओळखले जात. हॉटेलात ती यादी लावणाऱ्याला आपण काय करत आहोत याची कल्पनाही नसणार.

वृत्तपत्रांनीही या कामात मोठा वाटा उचलला आहे. क्लीव्हलंड शहरातल्या 'प्लेन डीलर' या दैनिकाने १९३९ मध्ये या गटाविषयी लेखमाला छापली आणि तेथल्या मूठभर सदस्यांकडे मदत मागणाऱ्यांची रीघ लागली. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात सविस्तर लेख आला, तेव्हा संघटनेचे सदस्य सुमारे २,००० होते. त्या वर्षाच्या अखेरीस ते सुमारे ८,००० झाले. आपल्या देशात एए १९५७ पासून काम करत आहे. इतकी वर्षे ही माणसे शांतपणे जमत आली आहेत, आणि तरीही आपल्या तालुक्यांतल्या बहुसंख्य कुटुंबांना त्यांचे नावही ठाऊक नाही.

सभेत काय घडते याविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून थोडे त्याविषयी. तेथे नाव नोंदवण्याचे रजिस्टर नसते, शुल्क नसते, आणि सदस्यत्वाची एकच अट असते ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. माणूस फक्त आपले पहिले नाव सांगतो आणि 'मी मद्यपी आहे' असे म्हणतो. मग तो स्वतःविषयी बोलतो. याला ते शेअरिंग म्हणतात. बोलायचे नसेल तर नुसते ऐकत बसले तरी चालते. दुसऱ्याच्या बोलण्यावर कोणी शेरा मारत नाही, उपदेश करत नाही. चहा होतो, एक डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकायचे, आणि नव्याने आलेल्याकडून त्याचीही अपेक्षा नसते. बाहेरच्या कोणाची देणगी ते स्वीकारत नाहीत, मग तो आमदार असो की कारखानदार. जागेचे भाडे आणि चहाचा खर्च आपल्यातच भागवतात. काही सभा फक्त मद्यपींसाठी असतात, त्यांना क्लोज्ड मीटिंग म्हणतात. काही सभांना कुटुंबीय, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही बसू शकते, त्यांना ओपन मीटिंग म्हणतात. आज रात्री झोपेपर्यंत पहिला पेग घ्यायचा नाही, एवढाच संकल्प तेथे असतो. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही. पुन्हा प्यायला गेलेल्याला 'स्लिप झाली' म्हणतात, आणि तो परत आला की त्याच्यासाठी खुर्ची सरकवून देतात. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, तो ज्याला जसा समजला तसा, असे त्यातच म्हटले आहे. त्यामुळे तेथे सर्व धर्मांची आणि कोणताच धर्म न मानणारीही माणसे बसतात.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. वैद्यकीय संशोधनांचा साकल्याने आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आणि त्यांतल्या १०,५६५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. समुपदेशकाने रुग्णाला पद्धतशीरपणे एएच्या सभांशी जोडून दिले तर पूर्णपणे मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा चांगला परिणाम दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे अभ्यास बहुतेक पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्यातला 'पद्धतशीरपणे जोडून देणे' हा भाग आपल्या कामाचा आहे. कार्डावर ओळ लिहिणे आणि जोडून देणे यांत किती अंतर आहे, हे मी वर सांगितलेच आहे.

अंतर किती मोठे आहे याचा अंदाज केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून येतो. देशात मद्य घेणारे सुमारे १६ कोटी, आणि त्यांपैकी मद्यावर अवलंबून असलेले, म्हणजे ज्यांना रोज शरीरच दारू मागते असे, सुमारे २.९ कोटी. अशा दर ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळालेली होती. उरलेल्या ३७ जणांपैकी काहींना मदत नको असेल, हे मान्य. पण ज्यांना ती हवी होती आणि कोठे जायचे हेच कळले नाही, त्यांची संख्याही लहान नसणार, असे माझा वॉर्डातला अनुभव सांगतो.

येथे परिचारिका म्हणून एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. सभा हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने घरात कोंडून घेऊन एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दिवसापासून हात थरथरणे, घाम, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, ताप चढतो, माणूस भान हरपतो. ही अवस्था प्राणावर बेतू शकते. घरचे तेव्हा भूतबाधा समजून देवऋष्याकडे धाव घेतात, किंवा 'थोडी पाजा, म्हणजे शांत होईल' असे म्हणतात. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व घेऊनच दारू थांबवायची असते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हा उपचार होतो. दारू थांबवल्यावरचा शरीराचा त्रास बहुधा आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. त्यानंतरची वर्षे सांभाळायला माणसे लागतात, आणि ती सभेत भेटतात. पहिले काही महिने तर फार नाजूक असतात. हळदीचा मांडव, वरात, गावची जत्रा, गणपतीची मिरवणूक, गटारी, निवडणुकीतल्या पार्ट्या आणि ३१ डिसेंबर असे एकामागून एक येत राहतात, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी प्रेमाने ग्लास पुढे करतो. त्या संध्याकाळी जायला दुसरी जागा असणे, किंवा निदान ज्याला फोन करता येईल असा तसाच अनुभव घेतलेला एक माणूस असणे, यावर पुष्कळ काही ठरते.

आता आपल्या दैनिकाशी थेट संबंध असलेली एक बाब. छोट्या जाहिरातींच्या पानावर 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा मजकुराच्या जाहिराती येतात. एसटी स्थानकांच्या भिंतींवरही त्या असतात. जेवणात कालवायच्या या पुड्यांमध्ये नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला सांगितले जात नाही. दारू घेतल्यास त्रास व्हावा म्हणून वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध डॉक्टर देतात, परंतु ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने आणि यकृत व हृदयाची तपासणी करून. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. ज्याला आपण ते घेतले आहे हेच माहीत नाही, तो सावध राहणार तरी कसा? शिवाय नकळत दिलेल्या पुडीचा उलगडा झाला की नवरा-बायकोत उरलासुरला विश्वासही संपतो. घरात वाढलेले ताट तो संशयाने पाहू लागतो. या जाहिराती घेणे बंद करावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. त्यांची जागा या चौकटीला पुरेल.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचा त्यामागे मोठा आधार होता. तेथे ३५ दिवसांच्या निवासी उपचारानंतर माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत. निरनिराळ्या गावी पाठपुराव्याच्या सभा घेतात, बरे झालेले रुग्णमित्र नव्यांच्या सोबतीला असतात, रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' या कार्यक्रमात गावसंघटना आणि तालुका पातळीवरचे उपचार यांची सांगड घातली गेली. गावोगावच्या स्त्रियांनी 'आडवी बाटली'साठी मतदान करून दुकाने बंद पाडली आहेत, आणि त्यांच्या हिमतीला तोड नाही. पण दुकान बंद झाल्यावर ज्याचे हात थरथरतात त्याने कोठे जावे, हा प्रश्न त्या मतदानाने सुटत नाही; तो माणूस दुसऱ्या गावची वाट धरतो. दुकानांविषयी आपल्या दैनिकात पुष्कळ छापून येते, त्या माणसाविषयी फार थोडे.

गटाची ताकद आपल्या लोकांना ओळखीची आहे, असे मला वाटते. पंढरीची माळ घालून दारू सोडलेली कितीतरी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. माळेबरोबर त्यांना संध्याकाळचा हरिपाठ मिळतो, एकादशी मिळते, आषाढीची दिंडी मिळते आणि मुख्य म्हणजे न पिणाऱ्या माणसांची संगत मिळते. ज्यांचे तेवढ्याने भागले त्यांनी आणखी काही शोधण्याची गरज नाही. अडचण येते ती पुन्हा पाय घसरलेल्याची. माळ उतरवून ठेवलेला माणूस भजनाच्या फडात तोंड दाखवायला लाजतो, लोक त्याला माळेचा अपमान केला म्हणतात, आणि तो पूर्वीपेक्षा जास्त पिऊ लागतो. घसरलो हे ज्या ठिकाणी पहिल्याच वाक्यात सांगता येते आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते स्वतःच्या अनुभवाने कळते, अशी जागा त्याला हवी असते.

कुटुंबीयांसाठीही चौकटीत जागा असावी. अल-ॲनॉन ही मद्यपींच्या नातेवाइकांची संघटना अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झाली. एएच्या संस्थापकांपैकी बिल यांच्या पत्नीचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता. तिच्या सभा आपल्या देशातही होतात. पिणाऱ्याला सुधारण्याचे डावपेच तेथे शिकवत नाहीत. बाटल्या शोधणे, मोरीत ओतणे, कामावर त्याच्या वतीने खोटे सांगणे, उधारी फेडणे यांत बायकांची आणि आयांची वर्षे निघून जातात, आणि त्याविषयी बोलायला त्यांना कोणी नसते. तेथे त्या एकमेकींशी बोलतात. नवरा अजून पीतच असला तरी बायको तेथे जाऊ शकते, हे अनेकींना ठाऊक नाही. आमच्या वहिनीला हे फार उशिरा कळले.

चौकटीत काय असावे याविषयी माझ्या काही सूचना आहेत. गटाचे नाव, जागा आणि जवळची ठळक खूण, वार, वेळ, सभा कोणत्या भाषेत चालते, ती फक्त मद्यपींसाठी आहे की सर्वांसाठी खुली, स्त्रियांसाठी किंवा कुटुंबीयांसाठी वेगळी आहे का, आणि गटाने स्वतः दिला असेल तरच एक फोन क्रमांक, एवढे पुरेल. शेवटची एसटी किती वाजता सुटते, हेही एका ओळीत दिले तर खेड्यातून येणाऱ्याला सोयीचे होईल, कारण सभा बहुधा संध्याकाळी असते आणि परतीची गाडी चुकण्याच्या धास्तीने माणसे येणे टाळतात. करोनाच्या काळापासून ऑनलाइन सभाही भरू लागल्या आहेत; मराठीत चालणाऱ्या अशा सभांच्या वेळा दिल्या तर ज्याच्या गावात गट नाही, किंवा जो नोकरीसाठी मराठी मुलखापासून दूर आहे, त्यालाही बसता येईल. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेची, अशा दोन निःशुल्क हेल्पलाइन चौकटीच्या तळाशी कायम असाव्यात. निवासी केंद्राचे नाव छापायचे झाल्यास राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी आहे का, याची आधी खात्री करावी. मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे, तेव्हा तेथे दाखल झालेल्याला मारहाण न होण्याचा, सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे.

सभेत बातमीदार पाठवू नये, छायाचित्र घेऊ नये, कोणाचे नाव छापू नये, ही विनंती मात्र आग्रहाची आहे. वृत्तपत्रांत सदस्यांची ओळख उघड होऊ नये, हा एएचा लिखित नियम आहे, आणि लहान गावात एक छायाचित्र गट मोडायला पुरेसे असते. स्थळे आणि वेळा छापायला त्यांची सहसा हरकत नसते, तरी प्रत्येक गटाला आधी विचारावे. जागेविषयी नगरपरिषदा, शाळा आणि ग्रंथालये यांनाही मला काही सांगायचे आहे. आठवड्यातून दीड तास एक वर्ग दिला तर पुरे. तो अशा इमारतीत असावा की जिथे शिवणवर्ग, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिक संघ असे सारखे काही ना काही चालू असते, म्हणजे जिना चढणारा माणूस कोठे चालला आहे हे कोणाला कळत नाही. जागा फुकट देऊ करू नका, ते घेणार नाहीत. भाडे परवडेल असे ठेवा.

ज्या तालुक्यात एकही गट नाही, त्या तालुक्याचे नावही चौकटीत छापावे आणि त्यापुढे 'येथे अद्याप गट नाही' असे लिहावे. एएच्या परंपरेनुसार दोन-तीन मद्यपी दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र बसले की तो गट होतो. त्यासाठी परवानगी, घटना, पदाधिकारी काही लागत नाही. त्या तालुक्यात दारू सोडून घरी एकटाच टिकून राहिलेला एखादा माणूस असेल, तो ती ओळ वाचेल, आणि शेजारच्या तालुक्यातल्या गटाकडे विचारणा करेल, अशी मला आशा आहे.

जिल्ह्यातल्या गटांना भेटून, त्यांची संमती घेऊन, माहिती मराठीत नीट लिहून काढण्याचे आणि दर तीन महिन्यांनी सभा चालू असल्याची खातरजमा करून ती आपल्या कार्यालयात पोहोचवण्याचे काम मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोन परिचारिका करायला तयार आहोत. त्याचा कोणताही मोबदला नको. गटारीच्या आधीच्या आठवड्यात पहिली चौकट प्रसिद्ध करता यावी, असे वाटते. त्या दृष्टीने आपला निर्णय लवकर कळवावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वाचक

(माझे नाव व पत्ता स्वतंत्र कागदावर सोबत जोडला आहे. माझ्या नावावरून भावाची ओळख उघड होईल, म्हणून ते कृपया छापू नये.)